आणि आमटी?

"विचारायला तोंड दुखत होतं का त्याचं, एवढंच मला सांग," शोभना म्हणाली आणि पोळी तव्यावर अशी आपटली की पिठी उडून तिच्याच चष्म्यावर बसली.

"आई, ही डिड आस्क," इशिता म्हणाली. "तू साताऱ्याच्या मावशीशी फोनवर बोलत होतीस. त्याने माइक दाखवून खूण केली. तू मान हलवलीस."

"फोनवर असताना मी कशालाही मान हलवते! घर विकू का विचारलंत तरी हलवीन. हे या घरात सगळ्यांना माहीत आहे."

"मी इशिताच्या लग्नाच्या आधीपासून सांगत होतो," टेबलाच्या टोकाला बसलेला शोभनाचा नवरा रवींद्र म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही लग्नाच्या आधीपासून बरंच काही सांगत होता."

ज्याच्यावरून हे चाललं होतं तो जावई, पावेल, समोरच बसून दहीभात खात होता. त्याला मराठी अर्धं समजायचं, पण सासूच्या आवाजाची पट्टी पूर्ण समजायची. तो मान खाली घालून मिरची बाजूला काढत होता.

झालं होतं असं. सकाळी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाच्या बॉथेलहून नीलाचा फोन आला. नीला शोभनाची कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि तिच्याकडून चांगली बातमी कधीच सरळ येत नाही. "अगं शोभना, तू रॅप कधीपासून गायला लागलीस? आमच्या अनयने कुठलंसं रशियन गाणं लावलंय, आणि त्यात मध्येच तू ओरडतेस. जेवलात का? काय केलंत? आणि आमटी? आणि आमटी? चार वेळा विचारतेस गं! अनयचे मित्र तर आता एकमेकांना फोन उचलला की हेच विचारतात."

शोभनाने गाणं लावून ऐकलं. आवाज तिचाच होता, शंकाच नको. दर रविवारी ती साताऱ्याला मोठ्या बहिणीला फोन लावायची तोच आवाज. फोन ताटलीसारखा तोंडापुढे आडवा धरायचा आणि मधला समुद्र ओलांडून जाईल इतक्या मोठ्याने बोलायचं. ट्रंककॉलच्या काळात लागलेली ही सवय, साताऱ्याचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा स्पष्ट येऊ लागला तरी गेली नव्हती. आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या या घरात स्वयंपाकघराच्या खाली बेसमेंट, बेसमेंटमध्ये पावेलचा कीबोर्ड, आणि दोन्हींच्या मधून गरम हवेचा पाइप. रविवारची सगळी आमटी त्या पाइपमधून थेट त्याच्या टेबलावर उतरत होती, आणि तिथून गाण्यात.

"रशियन नाही, बेलारूसी," आईकडून हे सगळं पुन्हा ऐकताना इशिताने न विसरता दुरुस्त केलं.

"कुठलंही असो. तीस वर्षं गाणं शिकले मी. माझा आवाज जगाने ऐकला तो हा असा! हाका मारताना!"

खरं दुखणं हे होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मराठी मंडळात शोभनाच्या गळ्याचं कौतुक फार. दरवर्षी ईशस्तवन तिच्याकडे. ईशस्तवन म्हणजे कार्यक्रमाची सुरुवात, आणि मंडळाच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला हॉलमध्ये कोण असतं? कमिटी, खुर्च्या आणि मुलांचे बूट शोधणारी एखादी आई. बाकीचे पार्किंगमध्ये. लोक आत येऊन बसेपर्यंत शोभना नमस्कार करून उतरलेली असायची. माइक चालू होता की नाही हे तिला बहुतेक वेळा घरी येऊन व्हिडिओ पाहिल्यावर कळायचं.

पावेलने चमचा खाली ठेवला. "आई, सॉरी," तो म्हणाला. मग इंग्रजीत, सावकाश, कोर्टात सांगितल्यासारखं: "मी गाणं काढून टाकतो. आजच. शनिवारी शिकागोचा कार्यक्रम आहे, तोही नको. त्यांनी या गाण्यासाठीच बोलावलंय. सोमवारी मी गिरीशकाकांकडे जातो."

रवींद्रचा चेहरा उजळला. गिरीश त्याचा जुना मित्र, त्याची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी. ज्याचं कशातच बस्तान बसत नाही त्याला टेस्टिंगचा कोर्स लावून द्यायचा, हा रवींद्रच्या पिढीतल्या इंजिनिअरांचा हुकमी इलाज. गावातल्या चार जावयांना आणि एका तबलजीला तो लागू पडला होता. "गुड, व्हेरी गुड," तो म्हणाला. "गाणं काय, वीकेंडला करता येतं."

ताट उचलून सिंकमध्ये ठेवून इशिता वर निघून गेली. भांडणात ही मुलगी गप्प बसली की शोभनाला धडकी भरायची.

पावेलही खाली गेला. तव्यावरची पोळी करपली.

दुपारभर शोभना ओटा पुसत राहिली. भांडण तिने जिंकलं होतं, पण जिंकल्यासारखं काही वाटेना.

हा मुलगा घरात आला तेव्हा तिने त्याच्याबद्दल इशिताला खोदून खोदून विचारलं होतं. मोगिलेव्ह नावाच्या गावचा. वडील लिफ्टच्या कारखान्यात, आई शाळेत भूगोल शिकवायची. शाळेत असताना हा मास्तरांच्या नकला यमकात करायचा आणि शिक्षाही यमकातच मागायचा. मिन्स्कला गेला, 'कोझिर' नाव घेतलं. कोझिर म्हणजे हुकमाचं पान. ट्रॉलीबसची वाट बघत गारठलेल्या मुलावर एक गाणं लिहिलं. अर्धं गाणं, अर्धी बडबड. ते एका हिवाळ्यात असं चाललं की ट्रॉलीबसचे ड्रायव्हर त्याला फुकट नेऊ लागले. मग रेडिओ, मग नव्या वर्षाचे टीव्हीवरचे कार्यक्रम, श्रीमंतांच्या लग्नांतून सुपारी. मग एकदा दोन गाण्यांच्या मध्ये तो स्टेजवर सरकारबद्दल जे बोलायचं नाही ते बोलला. फार नाही, तीन-चार वाक्यं. त्यानंतर जिथे जिथे त्याचा कार्यक्रम ठरे तिथल्या हॉलचा पाण्याचा पाइप नेमका त्या दिवशी फुटे. इतके पाइप फुटल्यावर माणसाने काय ते समजायचं. तो वॉर्सात गेला आणि दुसऱ्यांसाठी गाणी लिहू लागला. खालच्या मजल्यावर कंपनीच्या कामासाठी आलेली इशिता राहत होती. ती आवाज कमी कर म्हणून भांडायला वर गेली, आणि त्यापुढचं तिने आईला कधी नीट सांगितलं नाही.

आता तो हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर होता. लोकांना पांढऱ्यातले प्रकार दाखवायचा. घरी आला की जेवण चाखून आधी "मस्त" म्हणायचा आणि मग पाणी प्यायचा. एकंदरीत जावई म्हणून नावं ठेवायला जागा नव्हती, आणि त्यामुळे शोभनाची थोडी पंचाईतच व्हायची.

चहाच्या वेळी ती कप घेऊन बेसमेंटमध्ये उतरली. पावेल माइकची वायर गुंडाळत होता. कीबोर्डवर चादर घातली होती, त्याच्या देशात घरात कुणी गेल्यावर आरशावर घालतात तशी. शोभनाला ते बघवेना.

"ती चादर काढ आधी," ती म्हणाली. "आणि ते गाणं लाव. सकाळी मी रागात ऐकलं. आता नीट ऐकते."

"आई, खरंच, मी काढून—"

"लाव म्हटलं ना."

त्याने लावलं. आधी ठेका, मग त्याचा आवाज, भरभर, दगडावरून पाणी गेल्यासारखा. मग ती स्वतः. जेवलात का? काय केलंत? आणि आमटी?

"तू काय म्हणतोयस यात? सांग मला."

त्याने थांबवून थांबवून इंग्रजीत सांगितलं. आज काय खाल्लं ते. पिवळी डाळ, त्यात काहीतरी आंबट. नंतर काळ्या मसाल्याची वांगी. खिडकीबाहेर बर्फ आहे, पण मोगिलेव्हएवढा नाही. बायको कामावरून येते आणि बूट दारातच टाकते. सासरे मला रोज विचारतात, पुढे काय. असंच सगळं.

"हे काय गाणं झालं?" शोभना म्हणाली. "हे तर आईला फोनवर सांगतात."

"हो," तो म्हणाला.

"मग तिला सांगत का नाहीस? विचारत नाही ती?"

पावेलने वायर पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली. "विचारते. पण आमच्याकडे फोनवर सगळे हळू बोलतात, आई. हवा कशी आहे, मांजर कसं आहे. कुठे राहतोस, कुणाबरोबर, काय करतोस, हे नाही. कोण ऐकत असेल सांगता येत नाही. माझी आई तर इतकं हळू बोलते की मलाच ऐकू येत नाही." मग तो जरा हसला. "आणि वर तुम्ही! पहिल्या रविवारी मला वाटलं कुणीतरी मेलं. मग इशिताने सांगितलं, आमटी कसली केली ते विचारतेय. मला वाटलं, केवढी श्रीमंती आहे ही. सगळ्या जगाने ऐकलं तरी चालेल अशा आवाजात आमटी विचारायची."

या ओरडण्याबद्दल तिने घरात आजवर टोमणेच ऐकले होते. रवींद्र रविवारी मुद्दाम गाडी धुवायला बाहेर जायचा.

"तुझ्या आईने ऐकलं का गाणं?"

"ऐकलं. शेजारणीच्या फोनवर. म्हणाली, ही बाई कोण आहे? मी सांगितलं, इथली आई. मग म्हणाली," आणि इथे पावेलने वायर खाली ठेवली, "म्हणाली, चांगलं आहे. कुणीतरी मोठ्याने विचारतंय."

वरून रवींद्रच्या चपलांचा आवाज आला आणि गेला. शोभनाने कप कीबोर्डवर ठेवला, मग दचकून उचलला, आणि शेवटी त्याच्या हातात दिला.

"परत लाव," ती म्हणाली.

त्याने लावलं. ती मांडीवर बोटांनी मात्रा मोजत ऐकू लागली.

"थांब. हे बघ, 'आणि आमटी' उशिरा पडतेय. तुझं वाक्य संपतं, मग ती येते. तिने समेवर यायला हवं. तुझं वाक्य तोडून. आई कुठे थांबते वाक्य संपायला?"

पावेलने मान वर केली. त्याने कीबोर्डवरची चादर ओढून जमिनीवर टाकली. "परत सांगा. कुठे?"

"इथे. धा. हं, इथे." तिने टाळी दिली. "आणि चारही वेळा तोच ओरडा कशाला? तीन वेळा तो राहू दे, बरा आहे तो. चौथ्यांदा मी गाते. दे तो माइक. आणि हे चालू आहे का, ते आधी बघ."

"चालू आहे, आई. हा लाल दिवा."

शोभनाने घसा साफ केला. 'आणि आमटी' या दोन शब्दांवर तिने अशी काही भूपाची जागा घेतली की पावेल "वा!" म्हणाला आणि चहा त्याच्या पँटवर सांडला. दोघंही हसत सुटले. मग तिने पुन्हा घेतली, मग तिसऱ्यांदा. तो म्हणाला पहिलीच चांगली होती, ती म्हणाली तुला काय कळतंय. वर गरम हवेच्या पाइपमधून सगळं स्वयंपाकघरात पोचत होतं. थोड्या वेळाने जिन्यावर इशिता येऊन बसलेली शोभनाला दिसली. हे गप्प बसणं वेगळं होतं.

संध्याकाळी जेवायला सगळे टेबलाशी बसले. रवींद्रने भात कालवता कालवता सुरुवात केली, "तर पावेल, सोमवारी गिरीशकडे जाताना फुल शर्ट घाल. तो जरा त्या बाबतीत—"

"तो जाणार नाहीये," शोभना म्हणाली. "गिरीशला मी फोन करून सांगितलंय."

"अगं पण—"

"गाणं राहणार. शनिवारी शिकागोचा कार्यक्रम होणार आणि त्यात मी गाणार आहे. चारला निघायचं. गाडी तुम्ही चालवायची."