फ्लॉपीवरचं कुंकू

सेलूच्या कॉलेजात मी कॉमर्सची तात्पुरती लेक्चरर होते. ऑर्डर टर्म संपेपर्यंतची. पुढची मिळणार की नाही, हे कॉम्प्युटरच्या नव्या कोर्सवर अवलंबून होतं. विद्यापीठाची समिती गुरुवारी येणार, मुलं वर्गात बाजारातलं खरं सॉफ्टवेअर चालवताना पाहणार आणि मगच मान्यता देणार. नाही दिली तर कोर्स बंद आणि मी घरी.

सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं, व्यापाऱ्यांच्या हिशेबासाठी विकलं जाणारं. कापसाच्या जिनिंगवाल्यांकडे जे चालतं ते आमच्या पोरापोरींनी वर्गातच शिकावं, या हट्टापायी मी कंपनीला विनवण्या करून एक फ्लॉपी मिळवली होती. तिची नक्कल निघत नव्हती, कंपनीने तशी तजवीजच केली होती. म्हणजे जे काय होतं ते एवढंच.

ती आली नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. आमच्याकडे खंडेनवमीला ऑफिसातल्या टाइपरायटरची आणि लॅबमधल्या तराजूची पूजा व्हायची, तशी प्राचार्यांनी फ्लॉपीचीही मांडली. मी तेव्हा सुटीला जिंतूरला, माहेरी होते. फ्लॉपीच्या काळ्या कव्हरला एक लांबट खिडकी असते. तिच्यातून आतली चकती दिसते आणि मशीन तिथूनच ती वाचतं. प्राचार्य सरांच्या पत्नीला वाटलं, ही जागा कुंकवासाठीच सोडलीय. त्यांनी ओल्या बोटाने तिथेच ठसठशीत टिळा लावला.

परत आल्यावर तो लाल डाग पाहिला, फ्लॉपी मशीनमध्ये घातली, तर ती वाचेना. कंपनीला ट्रंककॉल लावला. दुसरी पाठवू म्हणाले, पण ती घेऊन यायला माणूस तयार नव्हता. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, वाटेत देवगाव फाट्यावर एसटी कधी अडवली जाईल याचा नेम नव्हता. पोस्टाने आली असती तर समिती येऊन गेल्यावर. सरांना सांगायची हिंमत होईना. ऑर्डरवर सही त्यांची आणि टिळा त्यांच्या घरचा. दोन दिवस सगळे विचारायचे, मॅडम, तयारी कशी काय?

शेवटी बुधवारी केमिस्ट्रीच्या लॅबमधून डिस्टिल्ड वॉटर मागून आणलं. ब्लेडने कव्हरची कड कापली, चकती बाहेर काढली, धुतली, पंख्याखाली वाळवली आणि एका कोऱ्या फ्लॉपीच्या कव्हरात सरकवली. मशीनने थोडी कुरकुर करून ती वाचली. पण पुन्हा वाचेल याची खात्री कोण देणार?

गुरुवारी वाचली. मुलांनी कापसाच्या खरेदीची बिलं काढून दाखवली, समितीने माना डोलावल्या. मी श्वास सोडतेय तोवर सर उठले आणि म्हणाले की ही सगळी पूजेची पुण्याई, यापुढे येणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरची अशीच साग्रसंगीत पूजा होईल.

माझं डोकंच फिरलं. समितीसमोर मी बोलून गेले, "सर, त्या पूजेनंच ती बंद पडली होती. मी धुऊन चालू केलीय."

सरांचा चेहरा उतरला. समिती चहा घेऊन गेली आणि मला केबिनमध्ये बोलावणं आलं. एवढ्या खटाटोपाने वाचवलेली नोकरी मी एका वाक्यात घालवली होती.

सर हळूच म्हणाले, "मंग कुंकू लावायचं कुठं, मॅडम?"

ते खरंच विचारत होते. मी म्हटलं, फ्लॉपी ज्या खोक्यात येते त्याला लावा, सर, आत काही जाणार नाही.

"बरं," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षी खंडेनवमीला माहेरी जाऊ नका. तुमी समोर पायजे."

पुढच्या वर्षी म्हणाले ते. मला तिथेच, त्यांच्यासमोर, रडू फुटलं.