फर्नच्या पानामागचे ठिपके

टेलरमावशीला फर्न कधीच आवडले नव्हते. ना फूल, ना फळ, ना वास. आवड होती ती नवऱ्याला. तो दवाखान्यात कंपाउंडर. कामावरून आला की चहाच्या आधी घरामागच्या मोठ्या झाडाखाली जायचा. तिथं दाट सावलीत, भिंतीला लागून अकरा कुंड्या. कुजलेला पालापाचोळा चाळून मुठीमुठीने घालायचा.

"झालं का माझ्या सवतींचं जेवण?" मावशी मशीनवरून विचारायची.

"झालं. आता तुझं बघू."

शेवटी त्याच दवाखान्यात खाटेवर पडल्यापडल्या तो म्हणाला, "कुंड्यांकडे बघ." ती म्हणाली, "बरं." तिसऱ्या दिवशी तो गेला. शेजारी राहणारी नणंद ऊर बडवून रडली. मावशीचे डोळे कोरडेच. पाचव्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची राहिलेली काजं पुरी केली.

बरं म्हटलंय तर बघायला हवं. फर्न मरगळलेले दिसले, म्हणून तिने अकराही कुंड्या ओढत अंगणात आणल्या. आजारी माणसाला उन्हात बसवतात, तशा मांडल्या. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. एक पान उलटून बघितलं तर मागे तपकिरी ठिपके. दुसऱ्याच्या मागेही तेच. कीड लागली म्हणायची.

चार दिवस ती एकेक पान तळहातावर घेऊन नखाने खरवडत होती, ओल्या फडक्याने पुसत होती. फडकं नळाखालच्या विटांवर पिळायची आणि तिथंच टाकायची.

"माझ्या भावाचं अंग असं पुसलं असतंस तर," नणंद म्हणाली. मावशीला तेही लागलं नाही.

मग रोपवाटिकेतला माळी भेटायला आला. फर्न त्याच्याकडूनच आणलेले. कुंड्या बघून तो खालीच बसला.

"मावशी, काय केलंत हे? ते बी होतं."

"मला वाटलं कीड."

"कीड कधी अशी रांगेत बसते का? ती वाटेल तिथं बिऱ्हाड मांडते. आणि सावलीतल्या झाडाला उन्हात कोण ठेवतं?"

रांगेत. तीस वर्षं टाक्याला टाका लावून जगलेल्या बाईला रांग दिसली नाही.

"मग आता?"

"सावलीत न्या. मुळात जीव असला तर फुटतील. नाहीतर मी नवीन आणून देतो."

"नवीन नकोत. त्यांनी ह्याच कुंड्यांकडे बघायला सांगितलं होतं."

मुळात जीव नव्हता. अकरा कुंड्यांत नुसती माती उरली. मावशी रोज त्या मातीला पाणी घालायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. असे पाच-सहा महिने गेले.

एका सकाळी नणंद घासणी घेऊन नळापाशी बसली. "शेवाळ धरलंय नुसतं. एखादीची कंबर मोडेल."

मावशी काजं करायच्या चष्म्यानिशीच बाहेर आली होती. विटांच्या सांध्यांत नखाएवढे हिरवे पापुद्रे होते. एकातून केसासारखा देठ वर आलेला, टोकाला घट्ट गुंडाळी. अशा गुंडाळ्या तिने झाडाखालच्या त्या कुंड्यांत वर्षानुवर्षं बघितल्या होत्या, न बघितल्यासारख्या.

"वन्सं, हात थांबवा."

"अगं, शेवाळ आहे ते."

"फडकं इथंच पिळत होते मी."

नणंदेने वाकून बघितलं. मग घासणी बादलीत टाकली. "आणि मी भांडी कुठे घासू?"

"माझ्या डोक्यावर घासा."

नणंद हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मावशीला रडू आलं नाही. ती आत गेली, कापडावर खुणा करायचा खडू घेऊन आली आणि त्या विटांभोवती रेघ मारली, कुणी घासू नये म्हणून. विटा ओल्या, संध्याकाळपर्यंत रेघ पुसून जाते. ती रोज सकाळी, मशीनवर बसायच्या आधी, पुन्हा मारते.