वाट बघणाऱ्या बायका

कोबेतल्या त्या कंपनीत मी दुभाषी म्हणून लागले तेव्हा माझं जपानी बरं होतं, आणि मला ते होतं त्यापेक्षा बरंच चांगलं वाटत होतं. नवऱ्याला त्याच्या मुंबईच्या कंपनीनं इथं पाठवलेलं, मुलगी नुकती होइकुएनला म्हणजे पाळणाघरात जाऊ लागलेली. आमची कंपनी घरगुती वस्तू बाहेरून आणून विकायची. माणसं मोजून आठ. इंग्रजी बोलणारा पाहुणा आला की मला मीटिंगला बसवत. मालकांना सगळे शाचो म्हणत. साठी उलटलेले, हळू बोलणारे गृहस्थ.

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी येऊन दोन वर्षं होत आली होती. श्रीलंकेच्या उत्तरेकडे ताडाच्या पानांच्या टोपल्या विणायचं एक केंद्र काढावं, असं तेव्हा शाचोंच्या मनात आलं. तिथलं युद्ध संपून काही वर्षं झाली होती. आपण शेड बांधून द्यायची, पानं वाळवायची यंत्रं द्यायची आणि माल इथल्या दुकानांत आणायचा, असा बेत. बोलणी करायला तिथल्या बायकांच्या सहकारी संस्थेच्या प्रमुख कोबेला आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. सुती साडीवर कुणाचा तरी मागून आणलेला मोठा कोट घातला होता.

मीटिंगला शाचो, मी आणि आयातीचे इंग्रजी कागद बघणारी आमची एक सहकारी. ती ईशान्येकडची. त्सुनामीनंतर बहिणीकडे राहायला म्हणून कोबेला आलेली. त्याबद्दल ऑफिसात कुणी तिला काही विचारत नसे.

पहिला तास काही हललं नाही. रस्ते आहेत का, वीज असते का, पुन्हा गडबड झाली तर काय, हेच चाललं होतं. मग शाचोंनी विचारलं, "विणणाऱ्या बायका कोण आहेत?"

बाई म्हणाल्या, "बहुतेकींच्या नवऱ्यांना युद्धाच्या शेवटच्या दिवसांत नेलं. ते परत आले नाहीत. मेले, असंही कुणी सांगितलेलं नाही. त्या अजून वाट बघतायत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढं मात्र नीट सांगा."

मी शाचोंना जपानीत सांगितलं, "युद्धात विधवा झालेल्या बायका आहेत."

बेपत्ता माणसांसाठीचा जपानी शब्द मला येत नव्हता असं नाही. त्सुनामीनंतर कितीतरी महिने तो रोज टीव्हीवर असायचा, मृतांच्या आकड्याच्या शेजारी. मुलीला भरवता भरवता मी तो शिकले होते. पण बाईंचं बोलणं लांबलं, मधलं एक वाक्य माझ्या हातून निसटलं, आणि शाचोंसमोर थांबून पुन्हा विचारायला मला कमीपणा वाटला. जो शब्द तोंडाशी आला तो मी बोलून टाकला.

शाचोंनी पेन खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "मग हे आपण केलंच पाहिजे."

त्याच क्षणी मला चूक सुधारता आली असती. पण तासभर अडलेलं काम माझ्या एका शब्दानं पुढं सरकलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. बाईंनी विचारलं, "सांगितलंत ना?" मी म्हटलं, "हो."

शेड उभी राहिली. टोपल्यांना बांधायच्या चिठ्ठ्या कोबेत छापल्या. त्यांवर शाचोंनी स्वतः मजकूर लिहिला : युद्धातल्या विधवांच्या हातांनी विणलेलं. खाली इंग्रजी हवं होतं, ते मी करून दिलं. तेव्हाही मी गप्प बसले. चिठ्ठ्यांचे गठ्ठे तिकडे गेले आणि आठवड्याभरात केंद्रातलं काम बंद पडलं.

बाईंचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "एका मुलीनं आईला चिठ्ठी वाचून दाखवली," त्या म्हणाल्या. "आई म्हणाली, त्यांना एवढं माहीत आहे, तर कुठं पुरलंय तेही विचार. आमच्या बायका अजून कुंकू लावतात. मी कोबेत काय बोलले होते, ते तुम्हाला आठवतं ना?"

"आठवतं," मी म्हटलं.

कुंकवाचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात 'विधवा' हा शब्द कुठल्याही बाईबद्दल चुकूनसुद्धा कुणी उच्चारत नाही. मी तो छापून, दोरीत ओवून, त्यांच्याच हातांनी बांधायला पाठवला होता.

शाचोंकडे गेले ती सगळं कबूल करायचं ठरवूनच. तोंडातून मात्र निघालं, "त्यांचे इंग्रजी उच्चार समजायला जरा कठीण होते."

मागच्या टेबलावर ती सहकारी कागद लावत होती. मान वर न करता म्हणाली, "उच्चार स्पष्ट होते."

शाचोंनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. वाटलं, शाचोंना समजावं म्हणून तुम्ही सोपं करून सांगताय. मी बोलायला हवं होतं." पुढं म्हणाली, "माझी आई सापडलेली नाही. मृत्यूची नोंद करायचा फॉर्म बाबांकडे पडून आहे. ते म्हणतात, पुढच्या महिन्यात भरू."

मग मी शाचोंना सगळं खरं सांगितलं. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माफीचं पत्र जपानीत तोंडी सांगितलं, मी ते इंग्रजीत लिहिलं. नव्या चिठ्ठ्यांवर फक्त गावाचं नाव आलं. बऱ्याच बायका कामावर परतल्या, काही परतल्या नाहीत. चिठ्ठी वाचून घेणारी ती आई परतली नाही.

पत्राला बाईंचं उत्तर आलं. शाचोंना इंग्रजी येत नसल्यामुळे मीच ते वाचून त्यांना जपानीत सांगत होते. शेवटी लिहिलं होतं, 'पुढच्या भेटीत कृपया दुसरा दुभाषी असावा.' हे वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. शाचोंनी मान हलवली आणि पत्र माझ्या हातून घेतलं.

पुढच्या वसंतात बाई आल्या तेव्हा मीटिंगला दुसरी दुभाषी बसली. बाई मला जिन्यापाशी भेटल्या. नमस्कार केला, माझ्या मुलीची चौकशी केली. मी म्हटलं, "बरी आहे." माफी मागायचं मनात होतं, पण त्या घाईत होत्या. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.