‘मस्त हाये’ म्हणणाऱ्यांची टेस्ट

परवा मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेसाठी आणि तिथल्या नाटकासाठी, दिघोरीला घरी गेले होते. सोबत लॅपटॉप आणि टेन्शन. मी पुण्यात अ‍ॅप डिझाइन करते. वयस्कर माणसांना गोळ्यांची आठवण करून देणारं आमचं नवं अ‍ॅप पुढच्या आठवड्यात लोकांच्या हातात जाणार होतं...

म्हटलं, इथेच एक छोटी टेस्ट उरकून घेऊ. बाबांचे जुने नाटकवाले सोबती सकाळी अंगणात जमतातच. कुणाला बीपी, कुणाला शुगर... याहून चांगले युजर्स कुठे मिळणार?

एकेकाला फोन दाखवला, कुठलं बटण कशासाठी ते समजावलं आणि विचारलं, "कसं वाटलं?" सगळ्यांचं उत्तर एकच... "मस्त हाये पोरी!" शालिक काकांनी तर, म्हणजे बाबांच्या नाटकातल्या कायमच्या खलनायकाने, आशीर्वाद म्हणून माझ्या डोक्यावर हातच ठेवला.

खूश होऊन आत निघाले, तर बाजेवरून बाबा म्हणाले, "त्याइले विचारून काहून राहिली? माही पोरगी म्हणून कौतुकच करतीन ना. मी कोणाले विचारत होतो का?"

आणि एकदम त्या तालमी आठवल्या...

बाबा नाटक लिहायचे. मंडईच्या आधी आमच्याच अंगणात तालीम चालायची, शेजारीपाजारी भाताच्या तणसाच्या ढिगावर बसून बघायचे. बाबा मात्र सगळ्यांच्या मागे उभे. नटांकडे नाही, लोकांकडे बघत... कोण चुळबुळ करतं, कोण तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला लागतं, कोण उठून जातं. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग कापलेला असायचा. आईचे आवडते रडके संवाद असे कितीतरी गेले, आणि दरवेळी ती बाबांवर चिडायची!

परत अंगणात गेले. शालिक काकांच्या हातात फोन दिला. "काका, गोळीची वेळ झाली असं समजा. एरवी कराल तसंच करा, मनात येईल ते बोलत राहा." आणि मी तोंड बंद केलं. गप्प बसणं काय कठीण असतं...

अलार्म वाजला. काका दचकले. "अरे, हा तं बोंबलूनच राहिला!" त्यांनी समोरचं मोठं हिरवं बटण दाबलं. आवाज थांबला. काकांनी समाधानाने फोन खाली ठेवला आणि चहाचा कप उचलला.

ते बटण होतं, ‘गोळी घेतली’. गोळी त्यांच्या खिशातच...

अ‍ॅप हीच नोंद घरच्यांना पाठवणार होतं. नागपुरातली त्यांची मुलगी तिच्या फोनवर ‘घेतली’ वाचून निर्धास्त होणार होती. पुढच्या काकांनीही अगदी तेच केलं.

टीमला फोन करून रिलीज पुढे ढकललं. दुपारी कागदावरच नवी स्क्रीन काढली, आवाज बंद करायचं बटण वेगळं. काही न सांगता काकांसमोर धरली... त्यांचं बोट बरोबर ‘आवाज बंद’वर गेलं.

नोकरी लागल्यापासून बाबा विचारायचे, "तू तिकडं करतं तरी का?" आणि मला ते कधी धड सांगता यायचं नाही. यावेळी निघताना त्यांनी विचारलं नाही. फाटकाशी ते शेजाऱ्याला सांगत होते... "माह्यासारखंच काम करते जी पोरगी. लोकाइले पायत बसते."

बसमध्ये बराच वेळ एकटीच हसत होते. डोळेही पुसत होते... थँक्यू, बाबा.