हेलियमचा लाल खिसा

गुरुवारी लातूरला एका ज्युनिअर कॉलेजात माझं डेमो लेक्चर होतं. याआधी दोन कॉलेजांनी 'कळवतो' म्हणून कधीच कळवलं नव्हतं. विषय होता इलेक्ट्रॉन संरूपण आणि आवर्तसारणी.

छापील तक्ता मुलांनी शंभरदा पाहिलेला असतो. म्हणून मी कापडी करायचा ठरवला, प्रत्येक मूलद्रव्याला एक खिसा आणि खिशात त्याचं कार्ड. आई आमच्या गावी, लोह्यात, घरीच ब्लाउज शिवते, उरलेलं कापड तिच्याकडे भरपूर.

"एकशे अठरा खिसे? नोकरी तुझी का परीक्षा माझी गं?" असं म्हणत ती मशीनवर बसली. कुठल्या ओळीत किती खिसे ते मी लिहून दिलं. मग तिचेच प्रश्न सुरू... "वरच्या ओळीत दोन, मग आठ, खाली अठरा. कुणी ठरवलं हे?"

मी सांगितलं, अणूत इलेक्ट्रॉनच्या जागा ठरलेल्या असतात, त्यांची नावं एस, पी, डी, एफ. एसमध्ये दोन मावतात, पीमध्ये सहा, डीमध्ये दहा, एफमध्ये चौदा. शेवटचा इलेक्ट्रॉन एसमध्ये गेला की लाल खिसा, डावीकडच्या दोन रकान्यांत. पीचे पिवळे सहा उजवीकडे, डीचे हिरवे दहा मधे, एफची पट्टी खाली वेगळी. तिने बोटांवर मोजलं आणि मान हलवली.

शेवटचे खिसे मी निघता निघता झाले. कार्डंही तिनेच क्रमांकाने घातली, घडी थेट माझ्या बॅगेत.

वर्गात तक्ता उलगडला आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हेलियम इकडं कसा काय?" बघते तर काय... हेलियम उजव्या टोकाला नाहीच. डावीकडे, बेरिलियमच्या डोक्यावर, लाल खिशात!

वर्ग हसला. मागे बसलेले विभागप्रमुख सर पुढे झुकले. गेली नोकरी, म्हटलं.

पण मग लक्षात आलं, हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन एसमध्येच आहेत. आईने माझा नियम तंतोतंत पाळला होता. तक्ता आईने माझ्या नियमाने शिवलाय, असं मी वर्गाला खरं तेच सांगितलं आणि विचारलं, "आता कोण चुकलं?"

"कुणीच न्हाई मॅडम, वन एस टू हाय की, दोन्ही एसमधीच!" एक मुलगा म्हणाला.

"हॅ! बेरिलियम क्लोरिनशी जमवून घेतो. हा हेलियम कुणाला हात तरी लावू देतो का?" दुसरा म्हणाला.

वाद रंगला. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी हळूच म्हणाली, बेरिलियमच्या बाहेरच्या कक्षेत अजून सहा जागा रिकाम्या आहेत, हेलियमची कक्षा दोनातच भरते. म्हणून तो उजव्या टोकाच्या निऑनसारखा वागतो, कुणात मिसळत नाही... मी एवढंच जोडलं, की सारणी पहिल्यांदा मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीतच नव्हते. मूलद्रव्यांचं वागणं बघून मांडली होती, कारण नंतर सापडलं.

तास संपल्यावर सर म्हणाले, "सोमवारपासून या. आणि तो खिसा उसवू नका."

बसस्टँडवरून आईला फोन लावला, सगळं सांगितलं. नोकरीचं ऐकून ती हसली. "म्हंजे माझा खिसा चुकला?"

"नाही गं, मीच नियम अर्धा सांगितला."

"बरं, पण ते कुणातच मिसळत न्हाई, तर ते हाय हे कळलं तरी कसं?"

म्हटलं, आधी ते सूर्याच्या उजेडात सापडलं. मग उजेडात कसं, हे सांगता सांगता लोह्यावरून जाणारी गाडी समोरून निघून गेली... जाऊ दे म्हटलं, दुसरी येईल.

घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. एवढी वर्षं यातलं काहीच मी घरी बोलले नाही. कुणी विचारत नव्हतं म्हणून नाही... आईला विचारावंसं वाटेल, हे मलाच कधी वाटलं नव्हतं.