उजव्या चाकाचा खटला

माझी बायको बेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली आणि आमच्या घरात दोन ड्रायव्हर आणि एक किल्ली अशी परिस्थिती झाली. शिकवायला आधी मीच बसलो होतो. तिसऱ्या दिवशी तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही उतरा." उरलेलं तिला ड्रायव्हिंग स्कूलच्या एका बाईनं शिकवलं.

गाडी म्हणजे पांढरी, उंच एसयूव्ही. सासूबाई आल्या की त्यांना चढायला पाट ठेवावा लागतो. बायको पाचोडच्या शाळेत शिक्षिका. वीस वर्षं ती शहरातून बसनं जात होती, आता गाडीनं जाऊ लागली. मी ऑफिसला स्कूटरवर. ही वाटणी मी मोठ्या मनानं मान्य केली होती, असं मी सगळ्यांना सांगायचो. बायको म्हणायची, "मन मोठं नाही, ऑफिसला पार्किंग नाही."

आता खंडेनवमीचं सांगितलं पाहिजे, कारण गुन्हा तिथं घडला.

आमचं मूळ घर शेतकऱ्यांचं. शेत पैठण तालुक्यात आहे, थोरला भाऊ बघतो. खंडेनवमीला गावाकडं सगळी अवजारं अंगणात येतात. कुळव, विळे, कोयते, अगदी अडकित्तासुद्धा. घासायचं, तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं, वर झेंडूचं फूल ठेवायचं. वडिलांचा एक नियम होता: जे कापतं त्याला धार, जे हलतं त्याला वंगण. शहरात आलो तरी माझा नियम सुटला नाही. फ्लॅटमध्ये कुळव कुठला? मग मी मिक्सर, शिलाई मशीन, पाने, पकडी मांडतो. एका वर्षी छताच्या पंख्याला इतकं तेल पाजलं की दिवाळीपर्यंत तो पाहुण्यांवर शिंतोडे उडवत होता.

त्या वर्षी माझी नजर एसयूव्हीकडं वळली. भावाकडून ट्रॅक्टरच्या ग्रीसचा डबा आणला, जॅक लावला, पुढचं उजवं चाक काढलं. बाल्कन्यांमधून चार माणसं बघत होती, त्यामुळं मी प्रत्येक नट काढल्यावर तो उजेडात धरून पाहत होतो. कशासाठी, मलाही माहीत नाही.

ब्रेकची रचना सोपी आहे. चाकाबरोबर एक चकती फिरते. तिच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन पॅड असतात आणि दोघांना धरणारा एक लोखंडी जबडा, त्याला कॅलिपर म्हणतात. ब्रेक दाबला की आतल्या बाजूचा पिस्टन ढकलतो आणि जबडा चकतीला चावतो. हा जबडा दोन पिनांवर मागंपुढं सरकतो, म्हणून दोन्ही पॅड सारखे दाबले जातात आणि सारखे सुटतात. त्या पिनांवर कारखान्यानं नखभर काहीतरी लावलं होतं. मी मनात म्हटलं, काय ही कंजुषी! ते पुसून काढलं आणि ट्रॅक्टरचं ग्रीस ठासलं, रबरी टोप्यांतून बाहेर येईपर्यंत. चकतीला आणि पॅडला मात्र थेंब लागू दिला नाही. तेवढी अक्कल मला होती. तेवढीच होती.

उजवं चाक परत बसवून डाव्या चाकाकडं वळणार तोच वरून बायकोची हाक आली, "पानं वाढली हो!" सणाचं जेवण जेवून माणूस पुन्हा जॅकला हात लावत नाही. संध्याकाळी खाली जाऊन मी चारी चाकांना फुलं वाहिली आणि पूजा संपली असं जाहीर केलं.

दोन महिने गेले. एके दिवशी शाळेतून आल्या आल्या बायको म्हणाली, "अहो, ब्रेकवरनं पाय काढला तरी गाडी उजवीकडं ओढती. कुणी पदर धरून ठेवल्यासारखं."

"स्टिअरिंग नीट धरत नसशील."

आठवड्यानं ती म्हणाली, "उजवीकडनं खर्र खर्र आवाज येतोय."

आता मात्र मी न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलो. म्हणजे सोफ्यावरच, पण ताठ. "तुझा पाय ब्रेकवर मुक्कामाला असतो," मी म्हणालो. "मी पाहिलंय. ब्रेक म्हणजे काय पायपुसणं आहे? पॅड झिजले असणार."

"मग उजवीकडचेच कसे झिजले?"

प्रश्न बिनतोड होता. शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "ड्रायव्हर उजवीकडं बसतो. सगळं वजन उजवीकडं येतं."

त्यानंतर तीन दिवस घरात दुधी भोपळा शिजला. मला दुधी चालत नाही हे आमच्या सगळ्या इमारतीला ठाऊक आहे.

पण निकाल मी बदलला नाही. किल्ली माझ्या खिशात गेली आणि बायको पुन्हा बसनं पाचोडला जाऊ लागली. ती भांडली असती तर मी जिंकलो असतो, भांडणात माझा आवाज चांगला लागतो. ती भांडली नाही. चौथ्या दिवशी पिशवी टेबलावर ठेवून समोर बसली आणि म्हणाली, "वीस वर्षं दुसऱ्याच्या टायमावर निघाले आणि दुसऱ्याच्या टायमावर आले. खिडकी मिळाली तर तो सण. गाडी हातात आली तेव्हा पहिल्यांदा मी ठरवलं की आता निघायचं. ते तुम्ही खिशात घालून फिरताय."

मी खिसा चाचपला. किल्ली होती. पण तिथं हात ठेवायला बरं वाटेना.

"चाक खोला," ती म्हणाली. "गॅरेजला जाऊ. माझ्या पायानं झालं असंल तर जन्मात किल्ली मागणार नाय. माझ्या पायानं नसंल झालं तर किल्ली माझी. आणि मी तुम्हाला पाचोडला नेऊन आणणार. जाताना, तिथं, येताना, तुम्ही एक शब्द बोलायचा नाय."

"एकसुद्धा?"

"हूं सुद्धा नाय."

ज्यांनी मला लग्नाच्या पंगतीत पाहिलंय त्यांना ही शिक्षा केवढी ते कळेल. मी अंत्यविधीलाही दोन किस्से सांगितलेले आहेत. पण मला माझ्या निकालाची खात्री होती. मी म्हटलं, "कबूल. पण आधी एक प्रात्यक्षिक. दौलताबादच्या घाटात मी गाडी चालवतो, तू नुसती बघ, ब्रेक कसा वापरतात ते."

घाट चढलो आणि लगेच उतरू लागलो. मी ब्रेकवर पाय अलगद ठेवत होतो, अत्तराच्या बाटलीला बूच लावावं तसा, आणि प्रत्येक वेळी तोंडानं सांगत होतो, "हे बघ, ठेवला. हे बघ, काढला." पाय काढला तरी गाडी उजवीकडं जायची. मी काही न घडल्यासारखं स्टिअरिंग डावीकडं धरून ठेवलं. खाली किल्ल्याजवळ आलो तर गाडीत जळकट वास. रस्त्याच्या कडेला पेरू विकणारी एक बाई बसली होती. तिनं हात वर केला. मला वाटलं, पेरू घ्या म्हणतेय.

"दादा, चाक जळतंय तुमचं!"

उतरलो. उजव्या पुढच्या चाकातून धुराची बारीक रेघ निघत होती. मी जाणकारासारखं चाकाच्या लोखंडाला बोट लावलं आणि असा ओरडलो की किल्ला बघायला आलेल्यांनी किल्ला सोडून माझ्याकडं पाहिलं. बायकोनं गाडीला वळसा घातला, डाव्या चाकाजवळ तळहात नेला, मग निवांत टेकवला. "हे नुसतं कोमट आहे," ती म्हणाली. आणि पेरूवालीला म्हणाली, "द्या किलोभर. थांबावंच लागणार आहे."

चाक पूर्ण निवल्यावर, शहरापर्यंत बैलगाडीच्या चालीनं, आम्ही थेट गॅरेजला आलो. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात. बोलणं दखनी, हात काळे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "उस्ताद, मॅडम का पाँव जरा भारी है."

"देखते ना साब," उस्ताद म्हणाले. "पाँव भारी है के और कुछ."

त्यांनी आधी डावं चाक खोललं. आतला पॅड, बाहेरचा पॅड, दोन्ही सारखे, दोन्ही चांगले जाड. मग उजवं. बाहेरचा पॅड अजून बिस्किटासारखा होता, आतला पापड झाला होता. पॅडला पत्र्याची एक जीभ असते, तो संपत आला की ती चकतीला घासून ओरडते. तीच खर्र खर्र करत होती आणि मी तिला बायकोच्या पायाचा आवाज समजत होतो.

उस्तादांनी दोन्ही पॅड तळहातावर ठेवून बायकोपुढं धरले, माझ्यापुढं नव्हे. "भाभी, पाँव का कसूर रैता तो इधर के, उधर के, सब बराबर घिसते. पाँव कू क्या मालूम कौनसा चक्का है!"

"तो फिर अंदरवालाच क्यूँ घिसा?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"जबडा सरकताच नै ना साब. अंदर से पिस्टन ढकेलता, तो अंदरवाला घिस के मरता. बाहरवाला बैठ के तमाशा देखता." एवढं बोलून त्यांनी कॅलिपरच्या पिनेला पकड लावली. पीन निघेना. हातोडीचे चार ठोके बसले तेव्हा निघाली. तिच्यावरचं रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलं होतं. उस्तादांनी पिनेवरचं ग्रीस दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं.

"ये तो ट्रॅक्टर का ग्रीस है. इसमें रबर फूलता, पीन जाम होती. इसका ग्रीस अलग आता. किसने डाला ये?"

मी भिंतीवरचं टायरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

"सांगा की," बायको म्हणाली. "किसने डाला?"

"आधीच्या मालकानं असंल," मी म्हणालो.

"गाडी नवी घेतली होती आपण."

हे मी विसरलो होतो. उस्तादांना मात्र आता कामापेक्षा गोष्टीत रस वाटू लागला होता. त्यांनी डाव्या चाकाची पीन बोटानं सरकवून पाहिली, लोण्यासारखी सरकली. "अजीब है. इस चक्के कू डाला, तो उस चक्के कू कायकू नै डाला?"

"उस दिन मैंने खाने को बुला लिया था इनको," बायको म्हणाली.

उस्ताद आधी माझ्याकडं बघत राहिले, मग हसायला लागले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. "भाभी," ते म्हणाले, "आपके खाने ने एक चक्का बचा लिया."

"पण चकतीला थेंब लागू दिला नाही!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. चकती वाचली होती. उस्तादांनी पिना घासून स्वच्छ केल्या, नवी रबरं घातली, डब्यातून नखभर ग्रीस काढून लावलं आणि ते नख मला मुद्दाम दाखवलं. पुढच्या दोन्ही चाकांना नवे पॅड घातले, कारण एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना घातला तर गाडी पुन्हा एकीकडं ओढते. "हर सर्व्हिसिंग में चक्का खुलवाके अंदरवाला पॅड देखना. बाहरवाले की सूरत पे नक्को जाना. और शुरू के कुछ दिन ब्रेक आराम से मारना." हे सगळं त्यांनी भाभींना सांगितलं. किल्लीही भाभींच्या हातात दिली.

पुढच्याच सुट्टीला पाचोडचा बाजार होता. मी डाव्या सीटवर बसलो आणि पट्टा लावला. त्या प्रवासात मला ज्या गोष्टी सुचल्या तशा आयुष्यात कधी सुचल्या नाहीत. एका ट्रकच्या मागं असा शेर लिहिला होता की त्यावर अर्धा तास बोलता आलं असतं. मी गिळला. गाडी सरळ चालली होती, ब्रेक दाबला की थांबत होती, सोडला की सुटत होती. आणि बायकोचा पाय लागेल तेवढाच ब्रेकवर जात होता. हे मी पहिल्यांदा पाहिलं, कारण आजवर तिच्या शेजारी बसून मी बोलतच आलो होतो.

बाजारात भाजीच्या रांगेजवळ तिच्या शाळेतल्या दोन बाई भेटल्या. एकीनं विचारलं, "सर आज गप्प गप्प? तब्येत बरी नाय का?"

मी बायकोकडं पाहिलं. बायकोनं पिशवी खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.

तिनं गोष्ट चुकीच्या टोकाकडून धरली. मी खंडेनवमीपासून उचलली असती, तिनं सरळ दौलताबादच्या पेरूवालीपासून उचलली. धूर आधी, ग्रीस मागून. मी छातीवर हात ठेवून कसा म्हणतो, "चकतीला थेंब लागू दिला नाही!", ते तिनं करून दाखवलं. मी असा दिसतो हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "आधीच्या मालकानं असंल" या वाक्याआधी ती थांबली. मी इतका थांबलो नसतो, मला दम निघत नाही. ती थांबली, आणि मेथीच्या जुड्या बांधणारी बाईसुद्धा हात थांबवून वर बघायला लागली. मग तिनं ते वाक्य टाकलं. दोन्ही बाई एकमेकींच्या खांद्याला धरून हसल्या. मेथीवालीनं पदर तोंडाला लावला.

"काय हो," बायको सगळ्यांसमोर मला म्हणाली, "चुकलं का माझं काही?"

ग्रीस ती म्हणाली तसं डबाभर नव्हतं, फार तर अर्धा डबा. मी मान हलवली. नाही.

परतीच्या वाटेवर पाचोड मागं पडलं. आडूळ यायचं होतं, घर तर लांबच होतं. बायकोनं समोर बघत म्हटलं, "बास झालं. बोला आता."

माझ्याकडं ट्रकच्या मागचा शेर होता. गिळलेले बाकीचे सगळे किस्से होते.

"परत एकदा सांग ना," मी म्हणालो. "पेरूवालीपासून."