शाळा पारखायला गेलो होतो

चौथीत असताना माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. गुरुजींच्या एका थपडेने. मी फळ्यासमोर उभा राहून जिल्ह्यातल्या नद्यांची नावं उत्तरेकडून दक्षिणेकडे सांगत होतो आणि दोन नद्यांची अदलाबदल झाली. थप्पड बसल्यावर आधी काहीच ऐकू आलं नाही, मग कानात एक बारीक शिटी सुरू झाली ती कितीतरी दिवस थांबली नाही. घरी वडिलांनी विचारलं, काय केलंस? मी खरं ते सांगितलं. त्यांनी म्हशीची दोरी घेतली आणि माझ्या पाठीवर ओढली, कारण गुरुजी उगाच मारणार नाहीत. आईने लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. कानात पू झाला. पावसाळा संपेपर्यंत त्या कानाने ऐकू येणं बंद झालं. पुढच्या मे महिन्यात वडिलांनी गुरुजींच्या घरी हापूसची पेटी पोचवली, कारण मी वर्गात पहिला आलो होतो.

मी याचं कधी दुःख केलं नाही. उलट पुढे मुंबईत लिफ्ट दुरुस्तीचं काम करताना कुणी शाळेचा विषय काढला की मी छाती पुढे काढून सांगायचो, आमच्या वेळी शाळा म्हणजे शाळा होती, गुरुजी वर्गात शिरले की टाचणी पडलेली ऐकू यायची. ऐकणारे माना डोलवायचे. त्यांनीही मार खाल्लेला असायचा.

वडील थकले, आंब्याच्या कलमांकडे बघणारं कुणी उरलं नाही, म्हणून दिवाळीनंतर आम्ही गावी राहायला आलो. रत्नागिरीहून जाताना पावसच्या अलीकडे आमचं गाव. मुलगी दुसरीत होती. तिला रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत घालायचं की गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, यावरून आमच्यात रोज वाद व्हायचा. बायको म्हणाली, "आधी बघून तरी या. नळाला पाणी आहे का, मुलींचं स्वच्छतागृह उघडं असतं का, शिक्षक किती आहेत, ते बघा. आणि हिलाही न्या, शिकायचं तिला आहे."

मी हो म्हटलं. पण माझं पारखणं वेगळं होतं. पोरं गप्प बसतात का, पाढे येतात का आणि अक्षर कसं आहे, एवढ्यावरून मला शाळा कळणार होती.

शाळा तीच, माझीच. कौलं जाऊन पत्रे आले होते. चारही वर्गांची मिळून बावीस मुलं एका खोलीत बसली होती, कारण दोन शिक्षकांपैकी एकजण प्रशिक्षणाला गेला होता. बाई तिशीच्या, घाटावरच्या. त्यांनी माझ्या मुलीला मुलांमध्ये बसवलं, मला मागे खुर्ची दिली आणि शिकवणं पुढे चालू केलं. पण त्याला शिकवणं म्हणायला मी तयार नव्हतो. पोरं घोळक्याने बसली होती. कुणी चिंचोके मोजत होतं, कुणी तागडीत दगड घालत होतं, दोन पोरी तर कुणाचं बरोबर म्हणून तावातावाने भांडत होत्या आणि बाई त्यांच्यात बसून दोघींचं ऐकून घेत होत्या. मला एका कानाने ऐकू येतं. अशा गलक्यात आवाज कुठून येतोय ते मला कळत नाही, सगळा एकच गोळा डोक्यावर आपटत राहतो. अर्ध्या तासात माझं कपाळ ठणकायला लागलं. मनात मी शाळेला नापास करून टाकलं होतं.

तेवढ्यात शिक्षण खात्याच्या केंद्रातून एकाच्या हाती निरोप आला की कसली तरी माहिती लगेच ऑनलाइन भरायची आहे. शाळेत रेंज येत नाही, वर सड्यावर, उघड्या कातळमाळावर जावं लागतं. बाई माझ्याकडे आल्या. "दादा, पंधरा मिनिटं मुलांजवळ बसाल का? नुसतं बसा, त्यांचं काम चालू आहे."

त्या गेल्या आणि मी उठून फळ्यासमोर गेलो. मला कुणी शिकवायला सांगितलं नव्हतं.

"गप्प," मी म्हणालो. आवाज जरा कमी झाला. "पाढे कुणाला येतात? तेरा सत्ते किती?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी परत विचारलं. पुढे बसलेली दोघं हसली, मग आणखी चारपाच हसली. सगळी माझ्याकडे बघत होती आणि हसू दाबत होती. मी टेबलावर हात आपटला आणि तिसऱ्यांदा विचारलं. हसणं आणखी वाढलं. माझी मुलगी हसत नव्हती. ती माझ्या डाव्या बाजूला कुठेतरी बोट दाखवत होती, पण मी तिच्याकडे नीट पाहिलं नाही. कुणीतरी माझ्या शर्टाची बाही ओढली. मी दचकलो आणि वळता वळताच हात उचलला.

चौथीतला एक मुलगा होता. थप्पड सबंध पंजाने त्याच्या कानावर बसली. तो कलंडला, कपाटाच्या कडेला डोकं आपटलं आणि खाली बसल्यासारखा कोसळला. त्याने कानावर हात धरला होता. रडत नव्हता. तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता.

वर्गात टाचणी पडलेली ऐकू आली असती.

"बाबा," माझी मुलगी म्हणाली, "तो उत्तर सांगत होता. कधीपासून सांगत होता, एक्क्याण्णव."

मी त्या मुलाला उचलायला वाकलो. तिसरीतली एक किडकिडीत मुलगी आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिच्या हातात लाकडी फूटपट्टी होती. "त्याला हात लावू नका," ती म्हणाली. मी तिला बाजूला करायला गेलो तर तिने फूटपट्टी माझ्या बोटांवर मारली, आणि तरी मी हात मागे घेत नाही म्हटल्यावर मनगटाला कडकडून चावली. दातांचे दोन अर्धगोल उमटले. तोवर दोघं दाराबाहेर पडून सड्याकडे पळाली होती. एका मुलीने त्याला भिंतीला टेकवलं, दुसरीने बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून त्याच्या डोक्याला लावलं. पहिलीतलं एक पोर बसल्या जागी ओलं झालं होतं, त्याला कुणीतरी हाताला धरून मागे नेलं. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. मी मध्ये उभा होतो आणि मला कुठेही जागा नव्हती.

बाई धावत आल्या. त्यांना धाप लागली होती. आधी मुलापाशी बसल्या, त्याचा हात कानावरून हळूच काढला, आत पाहिलं.

"बाई, माझं चुकून..." मी म्हणालो.

"तुम्ही बाहेर जा."

"मला ऐकू..."

"आधी बाहेर."

मी बाहेर अंगणात येऊन उभा राहिलो. मुलगी माझ्याबरोबर आली नाही.

त्या मुलाची आई काजूच्या कारखान्यात काम करते. कारखाना जवळच, निरोप पोचायला वेळ लागला नाही. ती आली ती चालत नव्हे, जवळजवळ पळत, हात काजूच्या चिकाने काळे झालेले. मला ओलांडून आत गेली. आतून तिचा आवाज आला, "कुणी मारलान?" मग मुलाचा बारीक आवाज, आणि मग तो पहिल्यांदाच रडायला लागला.

ती बाहेर आली. मी म्हणालो, "वहिनी, माझी चूक झाली." तिने कुंपणाच्या गडग्यावरचा एक जांभ्या चिऱ्याचा तुकडा उचलला आणि चार पावलांवरून फेकून मारला. मला तो येताना दिसला, पण मी हललो नाही. धैर्याने नव्हे, सुचलंच नाही. तो भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरलं आणि मी गुडघ्यावर आलो. तिने दुसरा उचलला.

"वहिनी," बाई दारातून म्हणाल्या, "आधी कान दाखवू या. त्यांचं नंतर बघू."

तिने दगड खाली टाकला. मला वाटतं, बाई नसत्या तर तिने तोही मारला असता, आणि मी तेव्हाही हललो नसतो.

रिक्षा एकच मिळाली. तोवर माझी बायको आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, मुलीला जवळ घेतलं आणि तिला घेऊन घरी गेली. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यापर्यंत त्या आईच्या आणि माझ्या मध्ये तो मुलगा बसला होता. रस्ता खराब होता. प्रत्येक वळणावर तो माझ्या अंगावर येऊ नये म्हणून ती त्याला स्वतःकडे ओढून धरत होती. दवाखान्यातल्या बाकड्यावरही आम्ही तसेच बसलो. मला भुवईवर चार टाके पडले. मुलाला आत नेलं तेव्हा मी दाराशी थांबलो. मला तो कान गेलाच आहे असं वाटत होतं. शिटी, पू, सगळं त्याच्या वाट्याला येणार आणि ते मी दिलेलं असणार.

डॉक्टर म्हणाले, पडदा शाबूत आहे, आतून लाल झालाय, डोक्याची सूज उतरेल, दोन दिवसांनी परत आणा. मुलाच्या आईने मला त्यांचं बोलणं ऐकू दिलं. मग म्हणाली, "पोलिसांत जायचं का नाय ते मी ठरवीन. पण सगळ्यांसमोर सांग तू काय केलंस ते. शाळेत. माझ्या पोरासमोर."

शनिवारी शाळेच्या पडवीत पालकांची सभा भरली. वडील काठी टेकत आले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बाई आधी बोलल्या. "वर्ग सोडून मी गेले. ही माझी चूक आहे आणि ती मी वर लिहून कळवली आहे." मग मी उभा राहिलो. पट्टी बांधलेली होती. मुलगा आईशेजारी बसला होता, माझ्याकडे न बघता चटईची काडी सोलत होता. मी सांगितलं. पाढा विचारला, तो उत्तर देत होता, मला ऐकू आलं नाही, मी मारलं. सगळं सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

वडील म्हणाले, "एक चापट ती काय. याला गुरुजींनी मारलानी म्हणून हा माणूस झाला."

दोघातिघांनी मान हलवली. त्या माना मला ओळखीच्या होत्या.

"मी बहिरा झालो," मी म्हणालो. "हा कान गुरुजींनी फोडला आणि घरी आल्यावर तुम्ही मला दोरीने मारलंत. मग तुम्ही त्यांना आंबे पोचवलेत."

हे मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. वडिलांनी काठी उचलली आणि बसल्या जागेवरून माझ्या नडगीवर घातली. म्हाताऱ्या हाताचा फटका, पण हाडावर बसला. परत उचलली. कुणी पुढे आलं नाही. मी काठी धरली, त्यांच्या हातात अजून केवढा जोर होता, आणि आम्ही दोघं बावीस मुलांच्या आईबापांसमोर एक काठी दोन्हीकडून खेचत राहिलो. शेवटी त्यांनी ती सोडली आणि तोंड फिरवून बसले. त्यांचे खांदे हलत होते. पुढे दीड महिना ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्या मुलाची आई पोलिसांत गेली नाही. का गेली नाही ते मी विचारलं नाही. बाईंनी मला एवढंच सांगितलं की हे वर्ष संपेपर्यंत मी फाटकाच्या आत यायचं नाही, आणि मुलीचं नाव घालायचं की नाही ते तिला विचारून ठरवा. मुलीला बायकोने विचारलं. ती म्हणाली, "याच शाळेत." रत्नागिरीची शाळा तिने पाहिलीही नव्हती. पहिले पंधरा दिवस ती जेवताना माझ्याशेजारी बसायची नाही. मी वाढायला हात पुढे केला की ताट मागे घ्यायची. नंतर बसायला लागली. शाळेत काय झालं ते मात्र अजूनही आईलाच सांगते.

मार्च संपताना शाळेतून एक कागद घरी आला. शाळेच्या गुणवत्तेबद्दल पालकांचं मत, पुढे चौकोन: पाणी, स्वच्छतागृह, वाचन, गणित, शिक्षकांची वागणूक. मी तो दोन दिवस कोरा ठेवला. बायकोने भरला. कागद गोळा करायला त्या मुलाची आई आली, ती आता शाळेच्या समितीवर आहे. अंगणात उभी राहूनच तिने तो वरून खालपर्यंत वाचला.

"सही राह्यली," ती म्हणाली.

मी पेन शोधून आणलं. तिने कागद धरून ठेवला आणि मी सही केली.